डाव्या हाताचं कुंकू

आमच्या घरात सिनेमाला कुणी त्याच्या नावानं ओळखत नाही. ‘छत्रीवालं पिक्चर’, ‘आंधळा सासरा’, ‘कंजूष मालकाची मालिका’, ‘रडका दुसरा’. रडका पहिला कुठला होता, हे आता कुणालाच आठवत नाही, पण दुसऱ्याचा नंबर काही बदललेला नाही. बाहेरचा माणूस येऊन आमच्यात बसला तर त्याला वाटेल, ही मंडळी भाऊबंदांची उणीदुणी काढत बसलीत. मीही इथं नावं घेणार नाही. नाव घेतलं की आपलं वेगळं मत असलेली माणसं जमा होतात, आणि तसली माणसं मला घरचीच पुरून उरली आहेत.

माझं माहेर कोरगावचं, सासर कारापूरचं. कारापूरजवळच्याच प्राथमिक शाळेत मी शिकवते. वर्गात मी शांत असते असं मुलं म्हणतात. घरात तसं कुणी म्हणत नाही. मी रागावले की आमच्याकडची भांडी आपोआप वाजायला लागतात, हा माझ्या नवऱ्याचा लाडका विनोद आहे आणि तो तो माझ्याच माहेरी जाऊन सांगतो. असो. मी आता जे सांगणार आहे ते सांगतानाही भांडी वाजणार आहेत.

चवथीला, म्हणजे गणपतीत, आम्ही सगळे कोरगावला जमतो. बाबा गेल्यापासून आई तिथं एकटीच असते. एक मांजर, परसातली थोडी काजूची झाडं आणि कुंपणापलीकडची काकी एवढा तिचा संसार. दादा डिचोलीत राहतो. खाणीच्या ऑफिसात होता, खाणी बंद पडल्या तसा घरी बसला. पूर्वी तो ट्रकांच्या फेऱ्या लावायचा, आता नातेवाइकांच्या लावतो. कुणी कधी निघायचं, कुठे थांबायचं, कुणाच्या गाडीत कोण बसायचं. चांगला माणूस आहे. तीच तर पंचाईत आहे. वाईट माणसाशी भांडायला सोपं जातं, काळजी करणाऱ्या माणसाशी भांडताना आपणच वाईट दिसतो.

पहिल्या दिवशी खतखतं, पातोळ्या, नेवऱ्या असं सगळं पोटात गेलं की आम्ही सोप्यावर चटया अंथरतो, आणि आमचा खरा उत्सव सुरू होतो. जुने सिनेमे आणि टीव्हीवरच्या जुन्या विनोदी मालिका. कुठली चांगली, कुठली भिकार, आणि ज्याला ती चांगली वाटली त्याच्या अकलेचं काय करायचं. आमच्याकडे मत मांडणं म्हणजे दुसऱ्याच्या मतावर बसणं. दादाला आवडते ती मालिका एका कचेरीची. तिथं कुणीच काम करत नाही. तो म्हणतो ती विनोदी नाहीच, जसं होतं तसं दाखवलंय. मला ती बघवत नाही, कारण तिच्यात कुणी नुसतं ‘चहा’ म्हटलं तरी पाठीमागून न दिसणारी माणसं खदाखदा हसतात. कुठे हसायचं हे मला सांगणारे तुम्ही कोण? मी शाळेत मुलांनासुद्धा सांगत नाही. वहिनीचं म्हणणं, हसायलासुद्धा मला परवानगीचा कागद लागतो. माझा नवरा कशावरच मत देत नाही. त्याला सगळंच आवडतं. असल्या माणसाबरोबर सिनेमा बघण्यापेक्षा भिंत बघावी.

आईची आवड ठरलेली. कंजूष मालकाची मालिका. भाडेकरूंच्या बिऱ्हाडातला दिवा स्वतः येऊन विझवणारा घरमालक. ती आता मोबाइलवर मिळते, आणि आईनं तिची पारायणं केली आहेत. तो मालक जिन्यावर दिसला रे दिसला की आई हसायला लागते. विनोद अजून पुढच्या खोलीत चपला काढत असतो, इकडे आईचं हसून झालेलं असतं.

आणि दुसरं म्हणजे कुंकवाचं पिक्चर. तिच्या तरुणपणी गावात आलेलं. एक मास्तर असतो, परजातीतली मुलगी असते, घरचे विरोध करतात, शेवटी देवळाच्या पायरीवर तो तिच्या कपाळाला कुंकू लावतो, आणि पुढे व्हायचं ते होतं, म्हणजे ती मरते. गावातल्या सगळ्या बायका म्हणे तिच्यासाठी घरी येईपर्यंत रडल्या. आई रडली नाही. आईचं त्या सिनेमावर एक ठाम मत आहे आणि ते मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले आहे.

“डाव्या हातान कुंकू लावल्यान,” आई म्हणते, “तेवाच मी म्हटलंय, हिचा काय खरा नाय.”

म्हणजे तिच्या मते ती बाई रोगानं मेली नाही, सासूच्या छळानं मेली नाही, तर त्या मास्तराच्या गलथानपणानं मेली. ज्याला बायकोला कुंकू कुठल्या हातानं लावायचं हे कळत नाही, तो मुलांना काय शिकवणार? बाबा असताना ते हे ऐकून नुसतं हसायचे आणि पेपर उलटायचे.

गेल्या चवथीला हेच झालं. कुंकवाचं पिक्चर निघालं, आईनं डावा हात काढला. दादा म्हणाला, डावा नाही, उजवा. आई म्हणाली, डावा. दादा म्हणाला, मीही ते तेव्हाच बघितलंय, बाबांच्या मांडीवर बसून, आणि मला चांगलं आठवतं. आई म्हणाली, तुझ्या तेव्हा नाकाला शेंबूड होता. इथवर सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. मी पातोळी खात होते आणि दोघांचंही चुकतंय असं काहीतरी मत शोधत होते.

पण दादानं मोबाइल काढला. हल्ली मोबाइल निघाला की आमचं भांडण मरतं. पूर्वी एका प्रश्नावर आम्ही चवथीची पाच वर्षं काढायचो. त्यानं ते पिक्चर शोधलं, ती पायरी शोधली, आणि मोबाइल आईच्या डोळ्यांपुढे धरला. मास्तरानं उजव्या हातानं कुंकू लावलं. अगदी स्वच्छ, उजव्या.

आईनं चष्मा वर-खाली करून ते दोनदा बघितलं. मग मोबाइल परत देत शांतपणे म्हणाली, “ह्यां मागसून बदललेलां. लोकांनी बोंब मारली आसतली.”

आम्ही हसलो. मीही हसले. पिक्चर काढणाऱ्यांकडे कोरगावच्या बायकांच्या तक्रारी गेल्या आणि त्यांनी त्या नटाला परत बोलावून पायरीवर बसवला, ही कल्पनाच मला इतकी आवडली की मला ठसका लागला. डोळे पुसून वर बघितलं तेव्हा दिसलं, दादा हसत नव्हता. तो वहिनीकडे बघत होता, आणि वहिनी त्याच्याकडे.

दीड दिवसाचा गणपती पोचवून आल्यावर त्यानं मला परसात बोलावलं. म्हणाला, आईचं काहीतरी बिघडतंय. माझ्या लक्षात आलं नाही का? विनोद व्हायच्या आधीच हसते. दूध गॅसवर ठेवून काकीकडे गेली ते भांडं कोळसा झालं. वहिनीला परवा मांजराला मारतात तशी हाक मारली. (ती चूक नसावी, असं माझं प्रामाणिक मत आहे, पण मी ते गिळलं.) आणि आता हे. समोर दाखवलं तरी म्हणते बदललंय. वहिनीच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. टीव्हीत दाखवतात ते खोटं आहे, माणसं बदललीत, घर बदललंय. शेवटची वर्षं ते दादाच्याच फ्लॅटमध्ये होते, आणि त्यांचं सगळं ह्या दोघांनी केलं होतं. ते दिवस मी बघितले होते. त्याला उलट बोलायला मला तोंड नव्हतं.

“एकटी ठेवू शकत नाय गे हिका आता,” तो म्हणाला. “मी डिचोलेक नेतंय. तुकाही बरा, तुझ्या जवळ येतली.”

ते खरंच होतं. कारापूर ते डिचोली म्हणजे स्कूटरनं गेलं तर गजरा सुकत नाही. माझी सोयच होती. मला आनंद व्हायला हवा होता आणि मला संताप आला. कसला, ते मला त्या क्षणी सांगता आलं नाही, आणि कारण सांगता न येणारा राग हा सगळ्यांत वाईट, कारण तो भांड्यांवरच निघतो. मी आत जाऊन नारळ किसायची विळी घासली, जी आधीच घासलेली होती.

आईला त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं. थोडे दिवस ये, असं. थोडे दिवस म्हणजे किती, हे तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. काजूच्या झाडांना गडी बघून ठेवू, मांजर काकी सांभाळेल, घर काय, मधून मधून उघडू. आई माटोळीखाली बसली होती. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ते रानफळांचं, कंदांचं छत. आमच्याकडची आई स्वतः बांधते. कुठलं फळ कुठल्या गाठीत, कुठली वेल कुणाच्या रानात उगवते, कुठलं फळ ह्या वर्षी का नाही मिळालं, सगळं तिच्या डोक्यात असतं. त्यातली निम्मी फळं दादाला ओळखता येत नाहीत. मलाही येत नाहीत. आणि आम्ही दोघं ठरवत होतो की तिची आठवण गेली.

हे मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, जुनं राहतं, नवं जातं, तसंच असतं हे, तुला माहीत नाही. हे वाक्य ऐकून माझं डोकं आणखी फिरलं. जुनं आठवलं तर आजार, नवं विसरलं तर आजार. आणि सिनेमातला हात चुकला, तो तर जुना होता की, म्हणून तोही आजार. ह्या परीक्षेत पास व्हायला बाईनं करायचं तरी काय?

ज्या बाईनं एका नटाच्या हातावरून सगळ्या गावाशी वैर घेतलं, ती स्वतःच्या घरावरून एक शब्द बोलली नाही. नुसतं म्हणाली, “बरां. काजूचा बघून येतंय मगे.” घरी येईपर्यंत मी हेल्मेटच्या आत बोलत होते. नवऱ्यानं दोनदा विचारलं, मला काही म्हणालीस? मी म्हटलं, अजून नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी नवऱ्याला घेऊन आईची बांधाबांध करायला गेले. दादा दुपारपर्यंत गाडी घेऊन येणार होता. आईनं आपल्या लुगड्यांची पिशवी भरून दारात ठेवली होती. एकच पिशवी. बाकी काही हलवलेलं नव्हतं, पाट्यावर वरवंटा तसाच, उंबऱ्यावर रांगोळी. पोदेर पाव देऊन गेला होता, तो तिनं रोजच्यासारखा फडक्यात गुंडाळून ठेवला होता. उद्याही लागेल अशा बेतानं. मी तो पाव बघितला आणि मला दादाचा, माझा आणि त्या पावाचाही राग आला.

मी कुंपणावरून काकीकडे मांजराचं सांगायला गेले. काकी आईहून थोडी मोठी, तोंडानं तिखट, कान थोडे जड. तिनं सगळं ऐकून घेतलं, मांजर ठेवते म्हणाली, आणि मग विचारलं, पण हिला नेता कशाला? मी काय सांगणार? म्हटलं, काकी, हल्ली आईला काहीबाही आठवतं. ते कुंकवाचं पिक्चर नाही का, त्यातल्या हिरोनं डाव्या हातानं कुंकू लावलं म्हणते.

काकी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी आवाज चढवून परत सांगितलं.

“आयकलंय गे,” काकी म्हणाली. “मगे खोटां काय त्यात? डाव्याच हातान लावल्यान ना. डावखुरो होतो तो मेलो. जेवलो पण डाव्या हातान.”

मी म्हटलं, काकी, तुम्ही बघितलंत? बघितलं म्हणजे काय, ती म्हणाली, आम्ही दोघी एकाच चटईवर होतो. देवळासमोरच्या पटांगणात दोन माडांना धोतरासारखा पांढरा पडदा बांधलेला. माणूस गच्च.

दोन म्हाताऱ्या बायकांना दूध जाळायचा आजार वेगवेगळा होऊ शकतो. पण एकाच नटाच्या एकाच हाताचा आजार दोघींना होत नाही. मी विचारलं, तुम्ही कुठं बसला होता?

“खंय म्हणजे? पाठीमागे,” काकी म्हणाली, जणू मी सूर्य कुठे उगवतो असं विचारलं होतं. “बापये पडद्याच्या फुडे, बायलमनशा पडद्याच्या मागे. तसाच आसायचा. बायलांनी बापयांत बसायचा काय?”

मी तिथंच कुंपणाला धरून उभी राहिले. पातळ कापडाचा पडदा, पुढे पुरुष, मागे बायका. पुढून फेकलेलं चित्र पाठीमागूनही दिसतं, पण आरशात दिसतं तसं. उजव्याचा डावा. गावातल्या सगळ्या बायकांनी सगळे सिनेमे उलटे बघितले होते. मी विचारलं, सुरुवातीला नावं यायची ती कशी वाचलीत? काकी म्हणाली, त्यात काय वाचायचं, ती बंगालीत होती.

मला हसू यायला हवं होतं. उलट असा राग आला की कुंपणाची काठी माझ्या हातात आली. दादा बाबांच्या मांडीवर पुढं बसला होता. मी तेव्हा तान्ही, आईच्या मांडीवर मागं होते, म्हणजे खरं तर मीही डावाच हात बघितला होता, झोपेत. त्याचं पुढं बसून बघितलेलं खरं, आणि तिचं मागं बसून बघितलेलं म्हणजे डोकं फिरलं? आणि मागं तिला बसवलं कुणी? तिनं जागा मागून घेतली होती?

मी धावत आले आणि आईला सांगितलं. वाटलं होतं ती खूश होईल. ती पाटावर बसली होती, ती तशीच बसून राहिली. मग हळूच म्हणाली, “म्हणजे आमका सगळा उलटा दाखयल्यानी?”

“तसं नव्हे गे आई, दिसायचंच ते—”

“आणि तुझ्या बाबांका म्हायत होता?”

बाबांनी पुढून बघितलं होतं. त्यांना उजवा हात दिसला होता. वर्षानुवर्षं ते तिचं डाव्या हाताचं ऐकत आले, हसले, पेपर उलटला, पण तू कुठं बसली होतीस असं त्यांनी तिला कधी विचारलं नाही. कदाचित त्यांच्या डोक्यातच आलं नसेल. कदाचित त्यांना वाटलं असेल, बायको आहे, चुकते. आईचे ओठ एका रेषेत आले. मला ती रेषा ओळखीची आहे, मी ती आरशात बघते.

मी दादाला फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं, काकी, चटई, पडदा. पलीकडे गाडीचा आवाज. तो म्हणाला, बरं बरं, असेल तसं, पण दुधाच्या भांड्याचं काय? आणि असले पडदे-बिडदे काय कुणाला पटतात, उलटं दिसतं तर एवढ्या वर्षांत कुणाला कळलं नसतं? मी येतोच आहे.

मी फोन ठेवला आणि शाळेच्या प्रोजेक्टरसाठी मुख्याध्यापकांच्या घरी निघाले. कोरगावहून तिकडे जाऊन परत येणं म्हणजे रविवार घालवणं, पण मला त्या दिवशी माणूस मारायला सांगितला असता तरी मी वेळ काढला असता. मुख्याध्यापकांनी विचारलं, कशाला हवाय? मी म्हटलं, पालकांची सभा आहे. खोटं नव्हतं ते फारसं.

परत आले तेव्हा दादाची गाडी दारात होती आणि आईची पिशवी डिकीत गेली होती. दादा चहा पीत होता. मी त्याला म्हटलं, तो चहा घेऊन माजघरात जा आणि पाटावर बस. तो म्हणाला, काय नाटक चाललंय. मी म्हटलं, पिक्चर. माझा चेहरा बघून माझा नवरा, जो कशावरच मत देत नाही, तो पटकन उठून जनेलं, म्हणजे खिडक्या, लावायला लागला. बाबांचं एक जुनं धोतर कपाटात होतं, वापरून विरलेलं. ते मी सोपा आणि माजघर ह्यांच्यामधल्या दारात खिळ्यांना ताणून बांधलं. आईची खुर्ची सोप्यावर, समोर. दादा धोतरापलीकडे, अंधारात.

“मागे बसवतंस माका?” दादा आतून म्हणाला.

“हो,” मी म्हटलं. “तसाच आसायचा.”

मोबाइल जोडला, पिक्चर लावलं, सरळ देवळाच्या पायरीवर नेलं. चित्र जुनं, पुसट, धोतराच्या किनारीवरून मास्तराचं डोकं वाकडं झालेलं. मास्तरानं हात पुढं केला. आई समोर बसून बघत होती, तिच्या आयुष्यात पहिल्यांदा पडद्यासमोर बसून. उजवा हात. बाईचं कपाळ लाल झालं.

पलीकडून दादाचा, थोडा बारीक झालेला आवाज.

“आई. डाव्याच हातान लावता गे तो.”

मी जिंकले होते. मला नाचावंसं वाटलं. मी आईकडे वळले, आणि नाच तिथंच राहिला. आई दादाकडे बघत नव्हती आणि माझ्याकडेही नाही. ती पडद्याकडेच बघत होती. तिनं हातानं खूण केली, चालू ठेव. मी ठेवलं. सासू आली, रोग आला, पाऊस आला, शेवटी ती बाई मेली. संपल्यावर आई म्हणाली, “उजव्या हातान लावल्यान, तरी मेलीच.”

मग ती उठली, आणि धोतर बाजूला न करता, त्याच्याशीच बोलल्यासारखी बोलली.

“इतकी वर्सां ह्या घरात मी काय खोटां बोललंय? खंय बसलं होतंस, इतक्याच विचारूचा होता. तां तुझ्या बापाशीन विचारल्यान नाय, तू विचारलंस नाय.” आणि माझ्याकडे वळून, “आणि तू पडदो बांधलंस. माझ्या घरात ऱ्हवाक माका पडदो बांधून दाखवूक व्हयो?”

मला वाटलं होतं मी तिच्या बाजूची आहे. मीही तिची परीक्षाच घेतली होती, फक्त तिला पास करायचं ठरवून. ती बरोबर आहे हे कळताच मी तिला विचारायचं सोडून प्रोजेक्टर आणायला पळाले होते. इतका वेळ मी सगळ्यांवर रागावत होते, आता तीच माझ्यावर रागावली, आणि तिचा राग माझ्यापेक्षा चांगल्या प्रतीचा होता.

दादा धोतराखालून वाकून बाहेर आला. केसांना कोळिष्टक लागलं होतं. तो म्हणाला, आई, पण दूध जळलं होतं. आवाजात आता भांडण नव्हतं, नुसती भीती होती. मला त्याच्या सासऱ्यांचं ते बदललेलं घर आठवलं आणि माझ्या तोंडाशी आलेलं मी गिळलं.

“जळलेलां,” आई म्हणाली. “काकी पायरीवरून घसरली, तिका उठवूक धावलंय. आता तांही विचारलंस नाय.”

आईनं दाराकडे बोट केलं.

“पिशवी काढ गाडीतली.”

तो गेला. डिकी उघडल्याचा आवाज आला, पिशवी सोप्यावर आली. त्यानं ती आत नेऊन तिच्या कपाटाशी ठेवली, आणि परत येताना स्वयंपाकघरात जाऊन गॅसची नळी हातानं चाचपून बघितली. आईला ते दिसलं. तिनं फडक्यातला पाव काढून त्याच्यापुढं ठेवला. माझ्यापुढं ठेवला नाही. मला वाढून घ्यायला सांगितलं.

मी धोतर सोडायला गेले तर म्हणाली, राहू दे, वीज जाईपर्यंत तो मालक लाव. मी कंजूष मालकाची मालिका लावली. तिची खुर्ची समोर. दादा पाव घेऊन, कुणी न सांगता, परत धोतरापलीकडे जाऊन बसला. मी भांडी घासायला गेले. ती अर्थातच घासलेली होती. आतून मला आई हसलेली ऐकू आली, विनोद यायच्या खूप आधी, आणि मग पडद्यामागून दादानं तिला विचारलं, काय होतंय गे आता पुढं? आणि तिनं त्याला रागातच, पण सगळं, एकेक वाक्य आधी सांगायला सुरुवात केली.